अकरा नंबरचं मांजर

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२१ जानेवारी २०२५

हेमचंद्रभाऊजी,

हे पत्र लिहावं लागण्याचं कारण एकच. आमच्या गल्लीतलं एक मांजर तुम्ही पिशवीत घालून लासूर स्टेशनला नेलं आहे आणि ते मला परत हवं आहे. आशीर्वाद वगैरे मांजर आल्यावर.

नाही म्हणू नका. बारा तारखेला आमच्या तनुजाच्या लेकीचं बारसं होतं. बायका पाळण्याभोवती होत्या, तेव्हा तुम्ही मागच्या दाराशी काय करत होता ते समोरच्या विशाखाने गच्चीवरून पाहिलं. "काकू, ते लासूरचे काका पिशवीशी बोलत होते," असं ती त्या दिवशीच म्हणाली. मी म्हटलं, वय झालं. काल तिने पुढचं सांगितलं, की पिशवीने उत्तरही दिलं. बारशाला आलेला माणूस झबलं-टोपरं देऊन जातो. मांजर घेऊन जाणारे चुलत दीर आमच्याच वाट्याला आले.

ते कुणाचं नाही असं समजून नेलं असेल, तर समज दुरुस्त करा. या गल्लीत चौदा मांजरं आहेत आणि चौदाही माझ्या वहीत आहेत. सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेपाचला मी ताटलीवर चमचा वाजवते आणि चौदा वाट्या मांडते. तुम्ही नेलंत ते अकरा नंबरचं. तिरंगी, डाव्या कानाचं टोक नाही. नावं मी ठेवत नाही. नाव ठेवलं की माणूस वेडा होतो, आणि चौदा वेळा वेडं व्हायला मला सवड नाही.

फोन सोळा वेळा केला. तुम्ही उचलत नाही. येत्या रविवारी पॅसेंजरने मांजर घेऊन या.

दमयंती


लासूर स्टेशन
२५ जानेवारी २०२५

ती. दमयंतीवहिनींना हेमचंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. आशीर्वाद तुम्ही पाठवले नसले तरी मिळाले असं धरून चालतो.

फोन कपाटात आहे. अडतीस वर्षं टपालखात्यात काढली, शेवटची नऊ इथला पोस्टमास्तर म्हणून. ज्याला काही कळवायचं असेल त्याच्यासाठी पोस्ट आहे. तुम्हीही शेवटी पत्रच लिहिलंत ना? अक्षर मात्र फार मोठं आलंय आणि ओळी उतरणीला लागल्यात. रागात लिहिलं असावं.

होय, मांजर मीच आणलं. का, तेही ऐका. बारशाच्या दिवशी मी मागच्या दाराशी पान खायला गेलो, तर ही समोर येऊन बसली. पाहतो तर कान कापलेला! ओरबाडलेला नव्हे, कात्रीने सरळ कापलेला. मुक्या जिवावर कात्री चालवणारा माणूस तुमच्या गल्लीत राहतो वहिनी, आणि तुम्ही त्याच गल्लीत वाट्या मांडता. पोस्टात फाडलेलं पार्सल सापडलं, तर ज्याने फाडलं त्याच्याच दारात आम्ही ते ठेवून येत नव्हतो. उचललं.

तिचं नाव बेगम. आल्या दिवशी सगळ्या खुर्च्या सोडून थेट माझ्या गादीवर चढली, म्हणून. सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा लिटर दूध, वर शिरा. रविवारी तिला आणता येणार नाही, कारण ती पोटुशी आहे. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या गोजरबाईंनी पोट पाहून सांगितलं, "भाऊ, लई भरलीय. आठ-पंधरा दिसांत मोकळी व्हईल." अशा अवस्थेत पॅसेंजरचा प्रवास तुम्ही तरी सांगाल का?

ती पळून जाईल ही काळजी नको. नवं मांजर चुलीभोवती तीन वेळा फिरवलं की घर सोडत नाही, असं गोजरबाई म्हणाल्या. माझ्याकडे चूल कुठली? सिलिंडरभोवती फिरवली. चालेल का विचारलं, तर म्हणाल्या, "व्हय, गॅसलाबी चालतंय. आग ती आगच."

हेमचंद्र


पुंडलिकनगर
२९ जानेवारी २०२५

हेमचंद्रभाऊजी,

मुक्या जिवावर कात्री चालवणारा तो माणूस मी.

गेल्या जुलैत अकरा नंबरला पिंजऱ्यात धरलं, डॉक्टरांकडे नेलं आणि नसबंदी करून घेतली. भूल असतानाच डॉक्टर कानाचं टोक कापतात. ही खूण असते. पुढे कुणी तेच मांजर धरलं, तर कान पाहून सोडून देतं, पुन्हा पोट फाडत नाही. आमच्या गल्लीतल्या चौदांपैकी बारा मांजरांचे कान असेच आहेत. तुम्ही पान न खाता जरा इकडेतिकडे पाहिलं असतंत, तर बाराही पिशवीत भरावी लागली असती.

तेव्हा बेगमसाहेबा पोटुशा नाहीत. त्यांना गर्भाशय नाही. गोजरबाईंना माझा नमस्कार सांगा आणि डोहाळजेवणाची तयारी थांबवायला सांगा. फुगलंय ते दुधाने, नाहीतर जंतांनी. मोठ्या मांजराला दूध पचत नाही. शिरा तर कुणी देतं का? तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हे मला माहीत आहे, पण मांजराची मुंज झालेली नसते. त्याला मांस लागतं. मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी, स्वयंपाकघरात नको असेल तर मागच्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यात. मीही तसंच करते. आपलं कुलदैवत अजून काही बोललेलं नाही.

आणि सिलिंडर! बत्तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. बरं झालं, हे निवृत्तीनंतर ऐकलं. जागा बदललेलं मांजर तीन आठवडे एका खोलीत बंद ठेवायचं असतं. खाणं, पाणी, मातीची पाटी, सगळं आत. तोवर त्याला तुमचं घर आपलं वाटत नाही, मग ते सिलिंडरभोवती फिरवा नाहीतर अख्ख्या लासूरभोवती. सतरा दिवस ते कसं टिकलं हेच मला नवल वाटतं. दार आजच लावा.

तनुजा आणि बाळ वीस फेब्रुवारीपर्यंत इथं आहेत. त्या गेल्या की मीच येते आणि घेऊन जाते.

दमयंती


लासूर स्टेशन
६ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. कान कापणारा सापडला, आनंद झाला. इतकी वर्षं तुम्हाला ओळखतो, मला आधीच संशय यायला हवा होता.

इकडे सर्व ठीक. थंडी ओसरली. मोंढ्यात तुरीची आवक चांगली आहे, पोत्यांच्या थप्प्या रस्त्यावर आल्यात. गोजरबाईंच्या गुडघ्यांना तेल सुचवा. कोंबडी त्या त्यांच्या घरून उकडून डब्यात आणतात. पहिल्या दिवशी डबा उघडताना मी तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी नाही.

एक शंका, केवळ ज्ञान म्हणून विचारतो. समजा एखादं मांजर, कुणाचंही, फिरायला बाहेर पडलं, तर साधारण किती दिवसांनी परतायचा त्यांचा रिवाज असतो? आणि ते मूळ घराकडे निघतं, की नव्या? लासूर ते पुंडलिकनगर हे अंतर त्यांना जमतं का?

तनुजाच्या बाळाला आशीर्वाद.

हेमचंद्र


पुंडलिकनगर
९ फेब्रुवारी २०२५ (स्पीड पोस्टाने. तुमच्याच खात्याला कळू दे घाई काय असते.)

भाऊजी,

मांजर कधी गेलं?

आधीच्या पत्रात "बेगम" नऊ ओळींत होती. या पत्रात तूर आहे, गुडघे आहेत, ती कुठेच नाही. दहावीच्या मुलांनी प्रयोग न करता लिहिलेल्या वह्या मी तपासल्या आहेत.

आता रागवायला वेळ नाही. ते लांब गेलेलं नसतं. घाबरलेलं मांजर पहिली आडोशाची जागा गाठतं आणि तिथंच दडून राहतं, भुकेलं असलं तरी हाकेला ओ देत नाही. हाका मारत हिंडू नका. ज्या गादीवर ते झोपायचं तिची चादर न धुता दाराबाहेर टाका. पहाटे आणि दिवस मावळताना, गर्दी नसते तेव्हा, एकाच ठिकाणी खाणं ठेवून गप्प बसा. रोज तीच जागा, तीच वेळ. शेजाऱ्यांना त्यांची कोठारं, जिने, पत्र्यांखालच्या जागा उघडून दाखवायला सांगा. लाजू नका.

खरं काय ते उलट टपाली.

दमयंती


लासूर स्टेशन
१२ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनी,

तीन तारखेला, सोमवारी, सकाळी साडेनऊला. तुमचं पत्र एकतीसला मिळालं, त्याच दिवशी दार लावलं. तीन दिवस नीट गेले. सोमवारी गोजरबाई डबा घेऊन आल्या, मी दार उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी नवरदेवाची वरात बँडसकट कोपऱ्यावर वळली. बेगम माझ्या पायांमधून गेली. शेपटीचं टोक तेवढं दिसलं.

लिहिलं नाही, कारण धीर झाला नाही. रोज वाटायचं, संध्याकाळी येईल आणि मग तुम्हाला काहीच सांगावं लागणार नाही.

तुमचं पत्र येण्याआधी मी नेमकं सगळं चुकीचं केलं. हाका मारल्या. मोंढ्यात "बेगम, बेगम" म्हणत एक सत्तरीला टेकलेला माणूस पोत्यांमागे वाकून बघतोय, आता हमाल काय म्हणणार? "मास्तर, या वयात कोणती बेगम हुडकता?" एकाने तर, "रुसून गेली व्हय?" असंही विचारलं. गेली हे खरं आहे म्हटलं. मग तोच माणूस चार थप्प्या हलवून माझ्याबरोबर बघत बसला.

आता तुम्ही सांगितल्याप्रमाणे करतो. पहाटे साडेपाच, संध्याकाळी सहा. मोंढ्याच्या वजनकाट्यापाशी वाटी ठेवतो आणि खाली पोतं घालून बसतो. वाटी रिकामी होते, पण कोण खातं ते दिसत नाही. गोजरबाईंना काल पत्र्याखाली तिरंगी काहीतरी दिसलं. कान दिसला नाही.

वहिनी, दोष माझा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण एक विचारू का? मी मांजर बारा तारखेला नेलं. तुमचं पहिलं पत्र एकवीसचं. दिवसातून दोनदा चौदा वाट्या मांडणाऱ्या बाईंना एक मांजर कमी आहे हे नऊ दिवस कळलं नाही, आणि कळलं तेही विशाखाने सांगितल्यावर?

हेमचंद्र


पुंडलिकनगर
१५ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

विचारलंत म्हणून सांगते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा अगदी पिकलाय. मांजरं मला आता रंगाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. मी मांजरं मोजत नव्हते, रिकाम्या वाट्या मोजत होते. अकराव्या वाटीत कुणीतरी नवा बोका जेवत होता. नऊ दिवस मी त्यालाच अकरा नंबर समजले. अक्षर मोठं आणि ओळी तिरप्या येण्याचं कारणही तेच. तनुजाला सांगितलं नव्हतं. बाळंतिणीपुढे आपली दुखणी काढू नयेत. तिला तुम्हीही सांगू नका. विशाखाला सांगितलंय.

मांजर नेलंत म्हणून तुमच्यावर चिडले ते खरं. पण निम्मा राग स्वतःवर होता, तो तुमच्या पत्त्यावर गेला.

गुरुवारी, वीस तारखेला, तनुजाला गाडीत बसवून मी दुपारच्या पॅसेंजरने येते. विशाखा बरोबर आहे. पिंजरा, ताटली, चमचा आणते. तोवर तुम्ही वाटीची वेळ बदलू नका, फक्त त्या दिवशी सहाऐवजी माझ्या ताटलीच्या वेळी, साडेपाचला बसा.

दमयंती


लासूर स्टेशन
२३ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

तुम्ही गुरुवारी बेगमला घेऊन गेलात, तेव्हापासून कानात ताटलीचा आवाज घुमतोय. त्या संध्याकाळचं सगळं तुम्हाला दिसलं नाही, म्हणून मला दिसलं तसं लिहून ठेवतो.

तुम्ही वजनकाट्याच्या पायरीवर बसलात तेव्हा हमाल जमले. एकजण म्हणाला, "मास्तर, मांजरापायी बाई बोलावल्या व्हय?" तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, "आधी ती बिडी विझवा. मांजराला वास आवडत नाही, मलाही नाही." त्याने विझवली. माझ्या सबंध कारकिर्दीत त्याने माझं एकदाही ऐकलं नव्हतं.

मग तुम्ही ताटली वाजवायला सुरुवात केलीत. अर्धा तास काही नाही. मग मोंढ्यातली चार-पाच मांजरं आली. तुम्ही एकेकीकडे मान वळवून विचारत होता, "ही का?" "नाही वहिनी, ही काळी आहे." "ही?" "तो बोका आहे, वहिनी." विशाखा दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. मलाही तिकडेच बघावंसं वाटलं.

आणि एकदम तुम्ही चमचा थांबवलात. म्हणालात, "आली. पत्र्याखाली आहे. अकरा नंबरचा आवाज फाटका आहे." मला तर आवाजही आला नव्हता. मिनिटभराने पत्र्याखालून नाक आलं, मग तो अर्धा कान. पोट खपाटीला गेलेलं, पाठीवर तुरीचा भुसा. तिने तुमच्या वाटीतलं सगळं खाल्लं, पिंजऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि माझ्या बाजूला पडलेल्या पिशवीत जाऊन बसली. त्याच पिशवीत.

म्हणून हा रीतसर अर्ज. डॉक्टर काय म्हणाले ते कळवा, आणि बेगम मला कायमची द्यावी ही विनंती. खोली तयार आहे. खिडकीला जाळी बसवली. दूध बंद. गोजरबाईही म्हणाल्या, "बाईंना सांगा, या वक्ताला सिलिंडर नाय, डायरेक्ट कुलूप."

हेमचंद्र


पुंडलिकनगर
२७ फेब्रुवारी २०२५

हेमचंद्रभाऊजी,

अर्ज मिळाला.

मांजर पिशवीत बसलं याचा अर्थ त्याने तुम्हाला निवडलं असा नाही. पायरी थंड होती आणि पिशवी लोकरीची होती. अर्ज करताना पुरावे बरे जोडावेत.

डॉक्टरांनी पाहिलं. जंतच होते, औषध दिलं, वीस मार्चला पुन्हा द्यायचं. मागच्या पायाला जखम होती ती भरते आहे. रेबीजची लस टोचून घेतली, पुढची वर्षाने.

आता उत्तर. या चौदा वर्षांत मी एकोणीस मांजरं घरी दिली. आधी घर पाहून, प्रश्न विचारून. त्यातली सहा हरवली. सहाही घरांनी मला कळवलं, दोन दिवस शोधलं हो, खूप शोधलं, आणि त्याच फोनवर विचारलं, आता एखादं पिल्लू आहे का? तुम्ही सतरा दिवस शोधलंत, पोत्यावर बसलात. हमालांनी नावं ठेवली तरी बसलात. दुसरं पिल्लू मागितलं नाहीत. घर पाहण्याची गरज मला उरलेली नाही.

मांजर देते. पण ऐका. तीन आठवडे दार बंद म्हणजे बंद, वरात आली तरी आणि मुख्यमंत्री आले तरी. मांजर पंधरा वर्षं जगतं. तुम्ही अडुसष्ट आहात, तेव्हा तुमच्यामागे ते कुणी सांभाळायचं हे आत्ता लिहून ठेवायचं. हिशोब करून उदास होऊ नका. मी एकाहत्तर आहे आणि चौदांसाठी लिहून ठेवलंय, विशाखाच्या नावे. आणि फोन कपाटातून बाहेर काढायचा. मांजर आजारी पडलं तर मला पत्राने कळवणार का?

माझा डावा डोळा बारा मार्चला आहे. नंतर महिनाभर वाकायचं नाही, धूळ नको. गल्लीचं विशाखा बघेल. तनुजाला मी स्वतः सांगितलं. तासभर रडली, मग मी तुम्हाला रागावले तशी मला रागावली.

रविवारी, नऊ मार्चला, सकाळी अकरा वाजता या. पुढे-मागे वाद नको म्हणून कागद करू. नमुना तुम्ही आणा, तुमच्या खात्याला कागदांची हौस आहे.

आणि हो, आशीर्वाद.

दमयंती


सुपूर्दनामा

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर. रविवार, दि. ९ मार्च २०२५

देणार : श्रीमती दमयंती वालूरकर
घेणार : श्री. हेमचंद्र वालूरकर, निवृत्त पोस्टमास्तर, लासूर स्टेशन

दिलेल्या वस्तू : मांजर एक, मादी, तिरंगी, वय अंदाजे दोन वर्षं, वजन तीन किलो शंभर ग्रॅम, नसबंदी झालेली. लसीकरणाचं कार्ड एक. जंताच्या औषधाची एक मात्रा, २० मार्चला द्यायची. कोरडं खाणं एक पिशवी. मातीची पाटी एक. सूचना चार पानं, विशाखाच्या अक्षरात. पिंजरा एक, तो पुढच्या फेरीत परत करायचा.

घेणाराचा शेरा : वरीलप्रमाणे सर्व मिळालं. मांजर चालू स्थितीत. माझ्यामागे सांभाळणार : गोजरबाई, त्यांच्या अंगठ्यासह संमती जोडली आहे.

साक्षीदार : विशाखा (सही)

सुपूर्द करण्याची ठरलेली वेळ : सकाळी ११.००
प्रत्यक्ष सुपूर्द केल्याची वेळ : दुपारी १२.२०
विलंबाचं कारण (देणाराने स्वतः लिहावं) : मांजर माझ्या मांडीवर झोपलं होतं. उठवलं नाही.